एका माशापायी धरलेला अबोला

मैत्रिणींनो, अबोला म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. चाळीत राहा नाहीतर सोसायटीत, दोन बिऱ्हाडांचं बिनसलं की जिन्यात समोरासमोर आल्यावर नजर चुकवायची, हळदीकुंकवाचं बोलावणं टाळायचं, हे ओघानं आलंच. पण पाण्याच्या पंपाचं बिल काही थांबत नाही! मग मधल्या बिऱ्हाडातल्या वहिनी निरोप पोचवतात, "त्यांना म्हणावं, तुमच्या वाटणीचे पैसे यायचेत." अबोला असतो, पण व्यवहार चालू राहतो.

हे सारं आठवायला निमित्त झालं माझ्या वर्गातलं. मी एका शाळेत आठवड्यातून चार दुपारी इतिहास-भूगोल शिकवते. नववीला परराष्ट्र धोरणाचा धडा चालला होता. 'राजनैतिक संबंध तोडणे' असं मी फळ्यावर लिहिलं, तसा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "बाई, संबंध तोडतात म्हणजे नक्की काय करतात? आणि मित्र असलेले देशसुद्धा तोडतात का?" मी पुस्तकी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण ते उत्तर माझं मलाच पटलं नव्हतं. घरी आल्यावर शोध घेत बसले आणि एक अशी हकिगत हाती लागली, की वरणाला फोडणी द्यायचंही राहून गेलं. ब्रिटन आणि आइसलँड या दोन मित्रदेशांनी १९७६ साली चक्क एका माशावरून एकमेकांशी बोलणं टाकलं होतं!

मासा म्हणजे कॉड. आपल्या बाजारात तो दिसत नाही, पण नाव ओळखीचं आहे. कॉडलिव्हर ऑइलच्या त्या पिवळ्या गोळ्या आठवतात ना? तोच हा. थंड समुद्रातला, पांढऱ्याशुभ्र मांसाचा, काटा सहज सुटणारा. इंग्रजांचं 'फिश अँड चिप्स' म्हणजे याचे, नाहीतर याच्या हॅडॉक नावाच्या भावंडाचे, पिठात बुडवून तळलेले तुकडे आणि बरोबर बटाट्याच्या जाड फोडी. दोन्ही महायुद्धांत ब्रिटनमध्ये लोणी, साखर, मटण सगळ्यांवर रेशन आलं, पण फिश अँड चिप्सवर आलं नाही. गरिबाच्या ताटातलं एवढं तरी राहू द्यावं, असा विचार सरकारनं केला. म्हणजे तिकडच्या कामकरी घरात या माशाची किंमत काय होती ते बघा.

हा मासा मुबलक मिळायचा तो आइसलँडच्या भोवती. आणि आइसलँडजवळ दुसरं होतंच काय? बर्फ, ज्वालामुखी, मेंढ्या. शेती नावापुरती. १९७५ च्या सुमाराला सगळ्या देशाची वस्ती सव्वादोन लाखांच्या आत, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याच्या गावाएवढी. परदेशात विकायला जवळजवळ एकच माल, मासळी. धान्य, कापड, तेल, यंत्रं जे काही बाहेरून आणायचं ते मासळीच्या पैशांतून. सैन्य नाही, आरमार नाही. किनाऱ्यावर पहारा करणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या बोटी. १९४४ साली डेन्मार्कपासून पुरतं वेगळं होऊन हा देश प्रजासत्ताक झाला आणि लगेच त्याच्या लक्षात आलं, की आपल्या दारातली मासळी दुसरेच उचलून नेताहेत. इंग्रजांचे वाफेवर चालणारे ट्रॉलर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथं येत होते. ट्रॉलर म्हणजे पोत्यासारखं मोठं जाळं समुद्राच्या तळावरून फरफटत नेणारी बोट. लहान मासा, मोठा मासा, सगळंच त्यात येतं.

मग आइसलँडनं आपल्या हद्दीची रेघ पुढं सरकवायला सुरुवात केली. १९५२ साली तीन मैलांची चार मैल केली. एवढ्याशा गोष्टीवरून ब्रिटनमधल्या ट्रॉलरमालकांनी आइसलँडची मासळी आपल्या बंदरांत उतरवून घ्यायचं बंद केलं. वाटलं असेल, आता येतील वठणीवर. झालं भलतंच! सोव्हिएत रशिया पुढं आला आणि ती मासळी विकत घेऊ लागला. शेजारणीनं ताक नाकारलं म्हणून बाई दुसऱ्या आळीत घेऊन गेली, आणि ती आळी नेमकी शेजारणीच्या वैरिणीची निघाली, अशातली गत.

१ सप्टेंबर १९५८ ला हद्द बारा मैलांची झाली, तेव्हा ब्रिटननं आपल्या ट्रॉलरांच्या राखणीला आरमार पाठवलं. रेक्याविक, म्हणजे आइसलँडची राजधानी, तिथं संतापलेले लोक ब्रिटिश वकिलातीसमोर जमले आणि खिडक्यांच्या काचांवर दगड पडू लागले. आत राजदूत होते अँड्र्यू गिलख्रिस्ट. त्यांनी काय करावं? ग्रामोफोन लावला आणि मोठ्या आवाजात बॅगपाइपच्या लष्करी चाली बाहेर ऐकवल्या, असं सांगतात. दगड खाणाऱ्याचीही ऐट असते बरं! पुढं याच गृहस्थांनी या भांडणांवर पुस्तक लिहिलं, आणि ही युद्धं हरावीत कशी असं त्याचं नावच ठेवलं.

१९६१ साली ब्रिटननं बारा मैल मान्य केले. १९७२ साली आइसलँड पन्नासवर गेलं, तेव्हा दुसरं भांडण. या खेपेला छोट्या देशानं एक युक्ती काढली होती. बोटीमागून साखळीला बांधून पाण्यात सोडायचं एक धारदार आकड्यांचं यंत्र! ट्रॉलरच्या मागून आडवं जायचं, की जाळं ओढणाऱ्या तारा कापल्या जातात आणि मासळीसकट जाळं समुद्राच्या तळाला. माणसाला इजा नाही, गोळी नाही. पहिल्यांदा ते वापरलं ५ सप्टेंबर १९७२ ला. नाव रंगानं पुसून टाकलेल्या एका ट्रॉलरला 'निघून जा' म्हणून सांगितलं, तर आतल्यांनी रेडिओवरून 'रूल ब्रिटानिया' वाजवलं. तारा कापल्या गेल्यावर मात्र त्यांनी हाताला लागेल ते फेकून मारलं. कोळसा, कचरा, कुऱ्हाडसुद्धा. वाचताना मला हसू आलं. पण १९७३ मध्ये अशाच एका टकरीनंतर आपली बोट दुरुस्त करताना आइसलँडचा एक इंजिनिअर विजेच्या धक्क्यानं गेला, हे वाचलं आणि हसू मावळलं.

ब्रिटननं आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला होता. १९७४ साली निकालही ब्रिटनच्या बाजूनं लागला. आइसलँड तिथं हजरच राहिलं नाही! कोर्टात जिंकून घरी हरल्याची उदाहरणं आपल्याकडच्या भाऊबंदकीत कमी नाहीत, तसंच हे.

एकीकडे हद्द, एकीकडे संप

१५ ऑक्टोबर १९७५ ला आइसलँडनं हद्द दोनशे मैलांवर नेली. सागरी मैल हं, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर. आणि मैत्रिणींनो, यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी त्याच देशात जे घडलं ते या भांडणाच्या हकिगतीत कुणी सांगत नाही. मला मात्र ते वगळून पुढं जाववत नाही. २४ ऑक्टोबरला आइसलँडच्या दहांतल्या नऊ बायकांनी काम बंद ठेवलं. कचेरीतलं, शाळेतलं, आणि घरातलंही! स्वयंपाक नाही, मुलं सांभाळणं नाही, झाडलोट नाही. रेक्याविकच्या चौकात पंचवीसएक हजार जणी जमल्या. बापांनी मुलं कचेरीत नेली. दुकानांतले सॉसेज संपले म्हणे, कारण बाप्यांना चटकन शिजवता येण्यासारखं तेवढंच होतं. (आमच्याकडे मॅगी संपली असती.) आणि मासळीचे कारखाने बंद पडले, कारण कापलेल्या माशाचे तुकडे निवडायला, साफ करायला, खोक्यांत भरायला बायकाच असायच्या. ज्या मासळीवर आमचा देश जगतो असं सरकार साऱ्या जगाला ओरडून सांगत होतं, ती मासळी कुणाच्या हातांनी बाजारात जाते हे त्या एका दिवसानं दाखवून दिलं. पुढं पाचच वर्षांनी, १९८० साली, विग्दिस फिनबोगादोत्तिर या बाई तिथं राष्ट्राध्यक्ष झाल्या. लोकांच्या मतांनी राष्ट्राध्यक्ष झालेली जगातली पहिली स्त्री. घटस्फोटित, दत्तक मुलीला एकट्यानं वाढवणारी.

पण चला पुन्हा समुद्रावर. दोनशे मैल ऐकून ब्रिटननं पुन्हा फ्रिगेटी पाठवल्या. थंडीचे दिवस, अंधार, लाटा, आणि त्यात लोखंडी बोटींनी एकमेकींना धडका मारायच्या. आइसलँडचे पंतप्रधान गेइर हालग्रिमसन जानेवारी १९७६ मध्ये लंडनला जाऊन हॅरॉल्ड विल्सनना भेटले. जमलं नाही. १९ फेब्रुवारी १९७६ ला आइसलँडनं ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले. दोघेही नाटो या एकाच लष्करी करारातले सभासद! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला मासळी पुरवायला आइसलँडचे खलाशी पाणबुड्यांच्या तोंडून बोटी नेत होते. असे हे सोयरे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. संबंध तोडले म्हणजे राजदूत राजदूत राहत नाही, वकिलातीवरची पाटी उतरते, सरकारं एकमेकांना थेट पत्र लिहीत नाहीत. पण एखाद्या खलाशाला परमुलखात अडचण आली तर? कुणाचा पासपोर्ट हरवला तर? त्यासाठी मधलं बिऱ्हाड लागतंच. रेक्याविकमध्ये ब्रिटनची कामं फ्रान्सच्या वकिलातीच्या नावानं चालू लागली आणि लंडनमध्ये आइसलँडची कामं नॉर्वेनं सांभाळली. पंपाच्या बिलाचे निरोप पोचवणाऱ्या वहिनींची आठवण मला आली ती इथं.

साडेतीन महिने हा अबोला चालला. आइसलँडजवळ तोफा नव्हत्या, पण एक हुकमाचं पान होतं. केफ्लाविकचा अमेरिकन तळ. रशियाच्या पाणबुड्या उत्तरेकडून अटलांटिकमध्ये उतरतात त्यावर नजर ठेवायची जागा ती. 'आमचं ऐकलं नाहीत तर तळ बंद करू' अशी भाषा सुरू झाली तशी नाटोचे सरचिटणीस, अमेरिका, नॉर्वे सगळ्यांची धावपळ उडाली. १ जून १९७६ ला ऑस्लोत करार झाला. सहा महिने, एका वेळी सरासरी चोवीस ब्रिटिश ट्रॉलर, बस्स. ब्रिटनच्या बाजूनं सही करणारे परराष्ट्रमंत्री अँथनी क्रॉसलंड हे पार्लमेंटात निवडून आले होते ते कुठून? ग्रिम्सबीहून! म्हणजे याच मासळीवर जगणाऱ्या बंदरातून. आपल्याच मतदारांच्या पोटावर पाय देणारा कागद त्यांना पुढं ओढावा लागला. १ डिसेंबरला शेवटचे ब्रिटिश ट्रॉलर तिथून निघाले, आणि १ जानेवारी १९७७ पासून ब्रिटननं स्वतःभोवती दोनशे मैलांची हद्द आखली! कालपर्यंत जे बेकायदा होतं ते महिन्याभरात शहाणपणाचं ठरलं. आपल्या संसदेनंही १९७६ सालीच दोनशे मैलांचा कायदा केला. रत्नागिरी-मालवणच्या कोळ्यांपुढचा समुद्र कुठवर आपला, हे सांगणारा कायदा तो हाच. १९८२ सालच्या जागतिक सागरी करारात तो आकडा कायमचा झाला.

हलच्या बायका

मला विचाराल तर माझं मत आइसलँडच्या बाजूनं आहे. एकाच्या घरी तो तळणीतला एक पदार्थ, दुसऱ्याच्या घरी अख्खी चूल. पण ग्रिम्सबी आणि हल या दोन बंदरांतल्या बायकांचं वाचलं आणि मी जरा गप्प झाले.

हल शहरात हेसल रोड नावाचा भाग आहे. घरटी एक पुरुष ट्रॉलरवर. तीन आठवडे समुद्रावर, तीन दिवस घरी. नवरा निघेल त्या दिवशी घरात कपडे धुवायचे नाहीत, धुतले तर समुद्र त्याला धुऊन नेईल, असं तिथं मानायचे. हात हलवून निरोपही द्यायचा नाही. दर्याशी ज्यांचा संसार बांधलेला आहे त्यांच्या मनातली भीती सगळीकडे सारखीच दिसते.

१९६८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत हलचे तीन ट्रॉलर बुडाले. अठ्ठावन्न माणसं गेली. तिसरा, रॉस क्लीव्हलंड, आइसलँडच्या खाडीत वादळात कलंडला. बोटीवर बर्फ एवढा चढला होता की तोल राहिना. बायकामुलांना आमचं प्रेम सांगा, असा त्याच्या कप्तानाचा रेडिओवरचा शेवटचा निरोप होता. एकच माणूस किनाऱ्याला लागला. रात्रभर एका बंद घराच्या आडोशाला उभा राहिला, बसलो तर झोप लागेल आणि झोप लागली तर संपलं, म्हणून. सकाळी तो आइसलँडच्या एका शेतकऱ्याच्या पोराला दिसला.

पहिल्या बोटीवर रेडिओ चालवणारा माणूसच नव्हता, हे कळलं तेव्हा मासळीच्या कारखान्यात काम करणारी लिलियन बिलोका उठली. वय अडतीस, नवरा आणि मुलगा दोघेही समुद्रावर. दहा हजार सह्या गोळा केल्या. बिनरेडिओवाल्याचा ट्रॉलर निघाला तर ती गोदीवरून त्यावर उडी मारायला धावली, पोलिसांनी धरून ठेवली. मेरी डेनेस, इव्हॉन ब्लेनकिन्सॉप, क्रिस्टीन स्मॉलबोन या तिच्या जोडीच्या. क्रिस्टीन तर बुडालेल्या कप्तानाची सख्खी बहीण. लंडनला जाऊन मंत्र्यांपुढं बसल्या आणि सुरक्षिततेच्या अठ्ठ्याऐंशी गोष्टी मान्य करून घेऊन आल्या. बक्षीस? लिलियनला नोकरीवरून काढलं. 'बायकांनी पुरुषांच्या कामात नाक खुपसू नये' अशी घाणेरडी पत्रं आली. हलच्या मासळी धंद्यात तिला पुन्हा कुणी काम दिलं नाही. १९८८ साली ती गेली. आता शहरात तिचं नाव अभिमानानं घेतात.

आणि आठच वर्षांनी ऑस्लोचा करार आला. ट्रॉलर धक्क्याला लागले ते लागलेच. भंगारात गेले. वीस-वीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसांना नुकसानभरपाई मिळाली नाही, कारण कागदोपत्री ते 'हंगामी' कामगार! प्रत्येक फेरीला नवा करार, म्हणजे नोकरी कायम नव्हती म्हणे. हे वाचताना मला, अर्धवेळ शिक्षिकेला, दर जूनला हातात पडणारं नेमणुकीचं पत्र आठवलं. कारखान्यांत मासळी साफ करणाऱ्या बायकांचं काम त्यांच्याबरोबरच आटलं. वाटाघाटींच्या टेबलावर टन मोजले, मैल मोजले, ट्रॉलर मोजले. हेसल रोडवरच्या चुली कुणी मोजल्या नाहीत. भांडून भांडून शेवटी २००० साली सरकारनं चूक मान्य केली. नोकरीच्या दर वर्षामागे एक हजार पौंड, जास्तीत जास्त वीस हजार. तोवर कितीतरी जणांच्या विधवाच ते घ्यायला उरल्या होत्या.

आइसलँडचं सगळं गोड झालं असंही समजू नका. इंग्रज गेले तरी त्यांच्या स्वतःच्या ट्रॉलरांनी कॉड उपसायचं काही सोडलं नाही. शेवटी १९८४ पासून कुणी किती पकडायचा याचे वाटे ठरवावे लागले, आणि त्या वाट्यांवरून आता घरातल्या घरात भांडणं आहेत. ते निराळं प्रकरण.

जाता जाता एका बोटीची गोष्ट सांगायची राहिली. ओदिन नावाची आइसलँडची पहाऱ्याची बोट. रॉस क्लीव्हलंड बुडाला त्याच वादळात ग्रिम्सबीचा एक ट्रॉलर खडकावर चढला होता. ओदिन त्या काळोखात तिथं गेली आणि अठरा इंग्रज खलाशांना जिवंत काढून आणलं. हीच ओदिन पुढं इंग्रजांच्या जाळ्यांच्या तारा कापत फिरत होती. एप्रिल १९७६ मध्ये, अबोला चालू असतानाच, हलच्या आर्क्टिक कॉर्सेअर या ट्रॉलरनं तिला मागून धडक दिली. दोघीही आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. एक रेक्याविकला, एक हलला, वस्तुसंग्रहालय म्हणून जपलेल्या. २०१७ साली दोन्ही गावांच्या लोकांनी त्यांच्या घंटांची अदलाबदल केली. ओदिनची घंटा हलला गेली आणि आर्क्टिक कॉर्सेअरची रेक्याविकला. ग्रिम्सबीच्या बाजारात कॉड आजही येतो, पुष्कळसा आइसलँडहूनच. पकडतात मात्र तो आइसलँडचे कोळी.